खळ दिलेले पुस्तक

आमच्या लेखकमंडळाचा एकच नियम होता: आपले लिखाण आपण वाचायचे नाही. दुसऱ्या कुणी वाचायचे आणि ज्याचे असेल त्याने तोंड मिटून ऐकायचे. दर रविवारी दुपारी आम्ही यंत्रमागाच्या शेडवरल्या एका खोलीत जमत असू. खालचे लूम जमिनीतून तळपायांत धडधडत. चहावरची साय थरथरत राही. त्या आवाजाला पुरून उरेल ती ओळ खरी, असे आम्ही मानत होतो.

माझे कवितांचे हस्तलिखित तिथे पोहोचले तेव्हा त्याच्यासोबत एका प्रकाशकाचा निरोपही होता. फोनवरचा, मृदू आवाजातला. लूमच्या कविता उत्तम. खाडीच्या तेवढ्या काढा. भिवंडी म्हटले की वाचकाला माग हवेत. पहिले पुस्तक निघणार या कल्पनेनेच मी इतकी विरघळले होते की 'बरं' म्हणून मोकळी झाले. खाडीच्या कविता म्हणजे माझे माहेर: चिखलात रुतलेल्या पोटऱ्या, डोळ्यांत खुपणारे खारे ऊन, आईच्या पदराला येणारा निवट्यांचा, चिखलातल्या त्या मासोळ्यांचा, वास. त्या काढल्यावर उरेल ते पुस्तक माझे असेल का, हे मात्र मी कुणालाच विचारले नव्हते.

वाचायला बसला आमचा कथाकार मित्र. तो एका कारखान्यात हिशेब लिहितो आणि वाचतोही तसाच. ना चढ, ना उतार. त्याच्या कोरड्या आवाजात माझी लूमची कविता ऐकताना माझे कान तापले. नुसती उपमांची झालर! खालचा खरा लूम तिला सहज गिळत होता. मग त्याने खाडीची एक वाचली. ओहोटीनंतर चिखल श्वास सोडतो, त्या बुडबुड्यांची कविता. ती संपेपर्यंत कुणी कप उचलला नाही.

"ताई, लूमची कविता तू रस्त्यावरून लिहिली हायस," दिघाशी गावची मैत्रीण म्हणाली. ती कादंबरी लिहिते, भात लावते आणि बोलताना कुणाची भीड ठेवत नाही. "आत कधी गेली व्हतीस?"

"न्हाय," मी तिच्याच बोलीत कबूल केले.

"मग त्या काढ की! त्या बाबानं उलटं सांगितलं, एवढंच."

संध्याकाळी मी प्रकाशकाला फोन केला. लूमच्या काढते, खाडीच्या राहतील. पलीकडून शुभेच्छा आल्या, पुस्तकाचे नाव पुन्हा निघाले नाही.

पुढच्या रविवारी माझे डोळे पाहून बाई करवादल्या. बाई म्हणजे आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ, निवृत्त शिक्षिका आणि गझलकार. "रडतेस काय? पुस्तक आपण छापू. इथे सगळ्यांचीच पुस्तकं तुंबलीत. एक तरी वाहू दे."

मुद्रिते बाईंनीच तपासली. लाल शाईने, समासात अधूनमधून 'छान' लिहून. मुखपृष्ठासाठी चित्रकार मिळेना, तेव्हा कथाकार मित्र कारखान्यातून कोऱ्या कापडाचा तागा घेऊन आला. पुठ्ठ्यावर हेच चढवू, म्हणाला. मागावरून थेट उतरलेले, सायीच्या रंगाचे, खरखरीत कापड; कारखान्यात त्याला ग्रे म्हणतात. पण कोरे कापड न धुता वापरायचे नाही, हे आम्हा बायकांच्या हाडीमाशी भिनलेले. मी आणि दिघाशीच्या मैत्रिणीने तो तागा गच्चीवर भिजवला, चोळला, वाळवला. लोण्यासारखे मऊ झालेले ते कापड आम्ही गालाला लावून पाहिले.

बांधणीहून पहिली प्रत आली ती तपकिरी डागांनी माखलेली. पुठ्ठ्याला लावलेला सरस कापडातून आरपार फुटला होता. विणण्याआधी धाग्यांना दिलेली, त्याला अडवणारी खळ आम्हीच धुऊन टाकली होती.

"जन्म भिवंडीत गेला तुमचा," मित्राने कपाळावर हात मारला, "आणि ग्रे कापड धुतलंत?"

"तुझ्या कथा पन एकदा धुवून काढू," मैत्रीण म्हणाली. "त्यांची खळ लई झाली."

हसणे ओसरल्यावर बाईंनी पदर खोचला. "अगं, सुती साड्यांना काय द्यायचो आपण? तांदूळ टाका शिजायला."

गच्चीवर मोठ्या पातेल्यात पेज रटरटली. तिचा गोडसर, ओलसर वास जिन्यापर्यंत उतरला. खळ सुकताना हातांची कातडी ताणली जाई. दोरीवरचे कापड हळूहळू ताठ झाले आणि वाऱ्यात वाजू लागले. नवी प्रत आली, निर्मळ. मी ती आधी हुंगली, मग उघडली.

प्रकाशन माहेरच्या गावी, देवळाच्या सभामंडपात झाले. पुढच्या रांगेत माझी काकू होती, जिचे आयुष्य खाडीत निवटे धरण्यात गेले. प्रकाशकाने नाकारलेली खाडी हिलाही परकी वाटली तर? ही भीती घेऊन मी बसले होते. नियम तिथेही मोडला नाही. माईकसमोर मित्रच उभा राहिला. त्याच कोरड्या आवाजात त्याने चिखलात उतरलेल्या बायकांची कविता वाचली. संपली.

"एवढंच?" काकूचा आवाज आला. "बाया खाडीत उतरल्या, ते बरोबर हाय. पन भरती आली ना! घरी कवा आल्या?"

मित्र गोंधळला. "त्या... पुढच्या कवितेत येतात, काकी."

"मंग वाच की! हार-तुरे मागनं करा."

सभामंडप हसला, मागच्या बायका सरकत पुढे आल्या. मित्राने पान उलटले, आणि त्या हिशेबी आवाजात मी पहिल्यांदा चढ ऐकला. नियमाप्रमाणे मी तोंड मिटून होते. इतके कठीण ते मला कधीच गेले नव्हते.