पत्नीला सांगितलेला अर्थ

तालुक्याच्या शाळेत मी निवृत्तीपर्यंत इंग्रजी शिकवले. कोणी शब्दाचा अर्थ विचारला तर तो नेमका सांगावा, माहीत नसेल तर तसे म्हणावे, हा माझ्या वर्गाचा नियम होता. गेल्या उन्हाळ्यात, धाकट्या मुलाच्या लग्नात, मी तो माझ्याच घरात मोडला.

आमचे गाव सिंदेवाहीच्या बाजूला आहे. धानाच्या बांध्या संपतात तिथे जंगल सुरू होते. आमच्याकडे हळदीला बायका गातात आणि गाण्यातून विहिणीची थट्टा करतात. थट्टा तिखट असेल तरच विहिणीला मान मिळाला असे समजतात. ही गाणी माझ्या पत्नीइतकी गावात कोणाला येत नाहीत. नवी सून उंबरठ्याशी आली की तिला गाऊन आत घ्यायचे असते. तो मान सासूचा.

मांडवावर जांभळीच्या डहाळ्या पडल्या, हळद कालवली गेली, आणि पत्नीने पदर खोचून सुरुवात केली :

“विहीणबाई आली मोटारीनं,
मोहाची भाकर खाल्ली चोरीनं!”

तिचा आवाज आता चढला की फाटतो. तरी ती थांबली नाही. हातात लाटणे घेऊन नाचली. थोरल्या मुलाची मुलगी नागपूरला शिकते. ती दोन मैत्रिणींना घेऊन आली होती. मोबाइल धरून ती त्यांना म्हणाली, “बापरे, आजी किती क्रिंज!” तिघी हसल्या. पत्नीने वळून पाहिले, तीही हसली आणि गात राहिली.

नातीला मी बाजूला बोलावले. भीतीने अंग चोरणे, हा त्या शब्दाचा कोशातील अर्थ मला ठाऊक होता. तो इथे बसत नव्हता.

“तसं नाही, आबाजी,” ती म्हणाली. “आता नवीन अर्थ आहे. समोरचा काहीतरी करतो आणि लाज आपल्याला वाटते.”

“हे त्याच्या तोंडावर म्हणतात?”

“छे! मित्रांमध्ये म्हणतात. गंमत म्हणून. मोठ्यांना तर नाहीच.”

“मग तू म्हणालीस ते काय?”

मी तिला चार शब्द सुनावले. ते सुनावण्याचा अधिकार मला नव्हता. गाणे चालू असताना माझे लक्ष पत्नीकडे नव्हते, शहरातून आलेल्या त्या मुलींच्या चेहऱ्यांकडे होते. आता हिने आवरावे, असे मला वाटत होते. मराठीत ओशाळणे आहे. पण माणूस ओशाळतो तो बहुधा स्वतःच्या करणीने. दुसऱ्याच्या आनंदाने आपण खाली पाहावे, या भावनेला माझ्यापाशी शब्द नव्हता. नातीने तो दिला आणि तो मला तंतोतंत लागू पडला.

संध्याकाळी पत्नी माझ्या शेजारी येऊन बसली. हाताची हळद अजून गेली नव्हती.

“काहो जी, क्रिंज म्हंजे काय? पोरगी मले म्हणून राह्यली होती.”

“फार छान,” मी म्हणालो.

“मंग बरं. मले वाटलं, नावं ठेवून राह्यली.”

तिने दुसऱ्या कोणाला विचारले नाही. इंग्रजीच्या बाबतीत माझ्यापुढे तिच्या लेखी कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रपूरच्या एका सभागृहात लग्न लागले. विहीणबाई बँकेत नोकरीला, बोलणे मोजके. साक्षगंधापासून, म्हणजे साखरपुड्यापासूनच, पत्नीला त्यांच्याशी काय बोलावे ते सुचत नसे. त्या दिवशी मात्र पंगतीतून ती थेट त्यांच्यापाशी गेली आणि त्यांचा शालू बोटांनी चाचपत म्हणाली, “विहीणबाई, तुमी तं आज एकदम क्रिंज दिसून राह्यल्या जी!”

विहीणबाईंचा हात ताटातच थांबला. मागच्या टेबलावर कोणी तरी फिस्सकन हसले.

“मी?” त्यांनी विचारले.

“हव जी. लाजता काऊन? आमच्या मास्तरनं सांगतलं, क्रिंज म्हंजे छान.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. चूक माझी आहे, एवढेच म्हणायचे होते. मी पाण्याचा पेला उचलला आणि प्यालो.

बोलली ती नात. “आजी, तो शब्द चांगला नाही. काल मी तुझ्याबद्दल म्हटला होता. माझं चुकलं.” ती रडू लागली. पत्नीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, विहीणबाईंना “माफ करा जी” म्हटले आणि खाली मान घालून जेवली. विहीणबाईंनी तिच्या पानात स्वतः जिलेबी वाढली. ती तिने खाल्ली नाही.

परतताना गाडीत ती मागे बसली. घर जवळ आल्यावर हळूच म्हणाली, “मी गाऊन राह्यली होती, तवा तुमाले बी तसंच वाटत होतं काय?”

मी रस्त्याकडे पाहत राहिलो.

दिवस मावळण्यापूर्वी वरात दाराशी आली. उंबरठ्यावर माप ठेवलेले होते. बायका जमल्या. “चाल ना वं बाई, उचल गाणं! सून उभी हाये,” शेजारीण ओरडली.

पत्नी आतल्या भिंतीशी उभी होती. म्हणाली, “मास्तरले विचारा.”

बायका हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. पत्नी हसली नाही, तेव्हा त्यांचे हसू थांबले.

“गा,” मी म्हणालो. वर्गात मुलांना हुकूम सोडत असे, तसेच ते निघाले.

“तुमाले लाज वाटंन.”

“काल वाटली होती,” मी म्हणालो. इतक्या लोकांसमोर मी असे कधी बोललो नव्हतो. “आज नाही.”

तिने पाण्याचा तांब्या उचलला. मग पुढे झाली. तिने सुनेच्या पायांवर पाणी घातले, तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, हात धरला आणि तिला आत घेतले. गायली नाही. आमच्या घरात सून गाण्यावाचून आली ती हीच. नव्या सुनेला त्याचे काही वाटले नसावे, कारण आमची रीत तिला माहीत नव्हती. दारातल्या बायकांना माहीत होती. त्या एकेक करून माझ्या बाजूने निघून गेल्या, आणि एकीनेही माझ्याकडे पाहिले नाही.