उद्घाटनाआधीचा साबण

किल्लीमावशीने शाळेच्या नव्या इमारतीतलं कुलूप फोडलं, ही बातमी गल्लीत संध्याकाळच्या दूधवाल्याच्याही आधी पोचली. तिसऱ्या घरापर्यंत तर मावशीच्या हातात हातोडाही आला. खरं म्हणजे फोडायची गरजच नव्हती. किल्ली तिच्याच कमरेला. शाळेची झाडलोट आणि सगळी कुलपं तिच्याकडे. स्वभाव असा, की घराचं कुलूप आधी स्वतः ओढून बघणार, मग नवऱ्याला ओढायला लावणार, आणि वाटेत नवऱ्यावरच शंका घेणार.

नव्या इमारतीत मुलींसाठी स्वच्छतागृह झालं होतं. पांढऱ्या फरशा, आतून कड्या, नळाला पाणी. अडलं होतं ते उद्घाटनापाशी. पाहुण्यांना सवड होईना, आणि तोवर आत कोणी पाऊल टाकायचं नाही, असा मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा हुकूम. मुली आपल्या जुन्याच ठिकाणी. तिथे दाराला कडी नाही. एकीने आत जायचं, दुसरीने दार धरायचं. मावशीची नात नववीत. तिची पाण्याची बाटली भरलेली जायची, भरलेलीच परत यायची.

"तहान लागत नाही का गं?"

"लागते. पण प्यायलं की जावं लागतं ना, आजी."

मावशीने भरलेली बाटली मोरीत रिकामी केली.

त्यातच रोज धूळ पुसायला आत गेल्यावर तिला एक गोष्ट खटकू लागली. बेसिनवरचा गुलाबाचा साबण ओला असायचा. झिजतही होता. आधी तिने रंगाऱ्यावर संशय घेतला, पण त्याचे हात बघून सोडून दिला. त्या हातांची साबणाशी ओळखच नव्हती. मग आठवलं, दुसरी किल्ली मोठ्या बाईंच्या कपाटात असते. दुपारी चहा द्यायला गेली तेव्हा कप ठेवता ठेवता मावशीने नाक कामाला लावलं.

"काय हुंगताय, मावशी?"

"सर्दी झालीय, बाई."

गुलाबच होता. शिक्षकांच्या खोलीतला साबण तर लिंबाचा.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मावशीने कुलूप काढलं आणि दाराशी स्टूल टाकून बसली. मुलींची रांग लागली, नात सगळ्यांत पुढे. मोठ्या बाई तरातरा आल्या.

"कोणाला विचारून उघडलंत? उद्घाटन व्हायचंय अजून. नोकरी नकोशी झालीय का?"

मावशी स्टुलावरून हलली नाही.

"उद्घाटन तुम्ही केव्हाच केलंत, बाई. मी नुसतं मुलींना कळवलं."