पाच सायकली आणि सहावा आकडा

मी या सदरातले अनुभव नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना मनातल्या मनात नापास करते. कुणी अंतर सांगत नाही, कुणी वेळ सांगत नाही... "रस्ता सुनसान होता" म्हणजे नेमका किती? भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पॅकिंगच्या कंपनीत मी चेकर आहे. मोजून जे निघेल ते खरं, एवढंच मला कळतं. म्हणून हा अनुभव मोजमापासकट लिहिते आहे. कुणाला त्यात चूक सापडली तर जरूर सांगावी, मला बरंच वाटेल.

आमची कंपनी यवत आणि भांडगावच्या मध्ये, हायवेला लागून आहे. मसाल्याची पाकिटं भरतो. माझी वस्ती राहू गावाच्या बाजूला, कंपनीपासून सात किलोमीटर तीनशे मीटर. लेकाने सायकलला मीटर बसवून दिलाय, त्यावरचा हा आकडा. बस आणि शिफ्ट यांची वेळ कधी जुळली नाही, म्हणून आम्ही वस्तीवरच्या सहा जणी सायकलने येतो-जातो. गेटपासून कालव्याच्या पुलापर्यंत दोन किलोमीटर दोनशे मीटर, तिथवर वर्दळ असते. मग पुलापासून पाण्याच्या टाकीपर्यंत तीन किलोमीटर कालव्याकडेचा कच्चा रस्ता. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला डोक्यावरून जाणारा ऊस, मध्ये एकही घर नाही. अडचण होती ती या तीन किलोमीटरची.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता या पट्ट्यात दोन प्रकार झाले. एका बाईचं मंगळसूत्र गेलं, एका ऊसतोड कामगाराचा मोबाइल गेला. दोन्ही वेळा मोटारसायकलवर दोघं, नंबरप्लेट नाही, आधी टाइम विचारायचा आणि सायकल थांबली की हिसका मारायचा. घरचे म्हणाले, नोकरी सोड. मी म्हटलं, चोरांनी सोडावी की त्यांची. आणि नियम केले. मंगळसूत्र आत, वरून स्कार्फ, त्याला पिन. मोबाइल हँडलच्या पिशवीत नाही, पोटाशी बांधलेल्या पाकिटात. गळ्यात शिट्टी. कुणी काही विचारलं तर पाय न थांबवता उत्तर द्यायचं. आणि कुणीही, काहीही झालं तरी, कालव्याला एकटीने लागायचं नाही.

शेवटचा नियम हजेरीचा. ओळीने चालवताना मागे वळून बघणं धोक्याचं होतं, कारण मान वळली की हँडल वळतं आणि शेजारी कालवा. म्हणून पुढून मागे आकडे म्हणायचे. पुलावर एकदा, मधल्या बाभळीच्या वळणावर एकदा, टाकीजवळ एकदा. मी पुढे, म्हणून एक. माझ्यामागे नंदा, दोन. तीन आणि चार या दोघी जावा. पाच रुपाली, नुकतं लग्न होऊन आलेली. सहा शमीम. शमीमचे पाय सगळ्यांत दणकट, म्हणून शेवटची जागा तिने स्वतःहून मागून घेतलेली. बाकीच्या नुसता आकडा म्हणायच्या. शमीम शाळेतल्यासारखी म्हणायची, "सहा, हाजिर!"

आकडा बरोबर आला तर पुढे चालायचं. नाही आला तर सगळ्यांनी थांबायचं.

नंदा पहिल्या दिवशी म्हणाली होती, "काकी, आपुन घरी चाललोय का कवायतीला? उद्या झेंडा पन आणा."

"आणीन. तू धरून पळ."

त्याच वर्षीच्या डिसेंबरातला शुक्रवार होता. साडेपाचला शिफ्ट सुटताना मी शेवटची खोकी वजन करत होते. खोक्यात अठ्ठेचाळीस पाकिटं असतात. शमीमच्या ओळीतलं एक खोकं जड लागलं. उघडलं तर एकोणपन्नास.

नंदा डबा आवरत होती. म्हणाली, "एक जास्तच गेलं ना? गिऱ्हाईक काय रडत येनार हाय व्हय?"

"जास्त म्हणजेही चूकच," मी म्हटलं. "एकात जास्त आहे म्हणजे कशात तरी कमी असणार. शमीम, ओळीतली बाकीची खोकी मोजून घे. त्याशिवाय माझी सही नाही."

शमीम काही रागावली नाही. माझी सवय तिला माहीत होती. म्हणाली, "तुमी व्हा पुढं काकी. अंधार पडंल. मी ह्यांना फोन करते, टेम्पोत सायकल टाकून येते." तिचा नवरा टेम्पो चालवतो, त्या वेळी तो यवतकडेच असतो. मी दोनदा विचारलं, नक्की? ती म्हणाली, नक्की. मग आम्ही पाच जणी पाच चाळीसला गेटबाहेर पडलो.

पाच बावन्नला पूल. मी म्हटलं "एक", मागून दोन, तीन, चार, पाच. बरोबर. दिवस मावळत आला होता, पण रस्ता स्वच्छ दिसत होता. वाटेत एक गुऱ्हाळ लागतं, त्याचा धूर आमच्याच अंगावरून मागे पुलाकडे चालला होता. ही धुराची गोष्ट पुढे उपयोगाची आहे, म्हणून सांगून ठेवते.

सहा वाजून दोन मिनिटांनी वळण आलं. पुलापासून एक किलोमीटर आठशे मीटर. प्रत्येक हजेरीला मी घड्याळ बघते, म्हणून वेळ पक्की.

"एक."

"दोन."

"तीन." "चार."

"पाच."

"सहा..."

आवाज शमीमचा होता. मोठा नाही, ओरडून नाही. रोज रुपालीच्या मागून यायचा तसाच, तेवढ्याच अंतरावरून. फक्त पुढचं "हाजिर" आलं नाही.

मी ब्रेक दाबला. मागच्या एकमेकींवर आदळता आदळता थांबल्या. रुपाली सायकल टाकून माझ्याकडे पळत आली — "काकी, माझ्या मागं कुनी न्हाई! देवाशपथ कुनी न्हाई!"

आम्ही पाचही जणींनी मागे पाहिलं. रस्ता सरळ होता आणि रिकामा होता.

नंदा म्हणाली, "रुपे, तूच बोललीस. उगं भ्या दावू नको." थोरली जाऊ म्हणाली, "काकी, चला बया पुढं. काय असंल ते असंल, हितं नगं."

इथे दुसरं कुणीही पुढेच गेलं असतं, आणि मी त्यात वाईट काही म्हणणार नाही. कुणी कमी असतं तर शोधायला मागे जायचं. इथे तर एक जास्त होती. पण माझ्या डोक्यात अर्ध्या तासापूर्वीचं ते खोकं आलं. एकात जास्त, म्हणजे कशात तरी कमी.

"शमीम टेम्पोत नाहीये," मी म्हटलं. हे मला कसं कळलं ते विचारू नका. मला कळलं नव्हतं. मी फक्त आकडा जुळवत होते. पोटाजवळच्या पाकिटातून फोन काढून तिला लावला. वाजत राहिला, उचलला नाही. "सगळ्यांनी सायकली फिरवा. दिवे लावा. मी सांगेन तेव्हा शिट्ट्या."

"आन् चोर आसले तर?" रुपाली.

"मग शिट्ट्या जोरात."

नंदा सायकल फिरवता फिरवता पुटपुटली, "आज झेंडा पायजे व्हता." आणि सगळ्यांत आधी तीच सुटली.

एक किलोमीटर तीनशे मीटर मागे गेलो. सहा मिनिटं. लांबून आधी मोटारसायकल दिसली, रस्त्याला आडवी. मग शमीमची सायकल, उसाच्या कडेला पडलेली. एकाने तिला मागून धरून तोंड दाबलं होतं, दुसरा तिच्या कानाशी झटत होता. तिच्या कानात तिच्या आईचे झुबे असतात, घट्ट फिरकीचे. ते फिरकीने सुटेनात, म्हणून त्याने ओढायला सुरुवात केली होती. अर्धं मिनिट उशीर झाला असता तर कान फाटला असता.

मी शिट्टी फुंकली. पाच शिट्ट्या, पाच घंट्या, पाच दिवे, आणि वरून नंदाच्या तोंडच्या शिव्या. त्या इथे छापता येणार नाहीत. दोघांनी शमीमला ढकलून दिलं, गाडी उचलली आणि पुलाच्या दिशेने गेले. काहीही न घेता.

शमीम रस्त्यात बसून राहिली. डाव्या कानाला रक्ताचा एक थेंब, बाकी शाबूत. आधी कान चाचपला, मग झुबे. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी मागं कशा आलात?"

मी म्हटलं, "आधी तू सांग. टेम्पोचं काय झालं?"

टेम्पो उरुळीला भरायला अडकला होता. नवरा म्हणाला, तास लागेल. तिला वाटलं आम्ही फार पुढे नसू, गाठेल. पाच पन्नासला ती गेटबाहेर पडली, म्हणजे आमच्या बरोबर दहा मिनिटं मागे. म्हणजे आम्ही वळणावर असताना ती पुलावर होती. मीटरप्रमाणे एक किलोमीटर आठशे मीटर लांब.

"पुलावर ती गाडी उभी व्हती," ती सांगत होती. "मी फुडं झाले तशी हळूहळू मागं निघाली. लई भ्या वाटलं काकी. मग मी मनात मोजाय लागले. एक काकी, दोन नंदा... समद्या फुडं हायत, मी शेवटाला हाय, असं. सहापत्तुर मोजलं."

"मोठ्यांदा?"

"न्हाई वो. तोंडाला कोरड पडलेली. मनातच."

रुपाली रडायला लागली.

चौकीत जाऊन जबाब दिला. हवालदार भले होते, सगळं नीट विचारलं. तुम्ही परत का फिरला, या प्रश्नाला मी खरं ते सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, हे मला लिहिता यायचं न्हाई." त्यांनी "संशय आल्याने" असं लिहिलं. मी सही केली, पण कारण अपुरं आहे असं तोंडी सांगून ठेवलं. पुढे महिन्याभरात दोघं दुसऱ्या एका प्रकरणात सापडले, शमीमने ओळखले.

आता पडताळा. दुसऱ्या दिवशी मी चौघींना वेगवेगळं गाठून विचारलं, काय ऐकलंस? मी आधी काही सुचवलं नाही. चौघींनी तेच सांगितलं — शमीमचा आवाज, "सहा", आणि पुढे "हाजिर" नाही. एकट्या मला भास झाला असता तर मी सवयीच्या खात्यावर टाकून मोकळी झाले असते. पाच कानांच्या जोड्यांना एकच भास, तोही एका शब्दाने कमी, हे मला जुळवता येत नाही.

रविवारी दुपारी शमीमला पुलावर उभी केली आणि वळणावरून फोन करून सांगितलं, जीव तोडून ओरड. काही ऐकू आलं नाही. पुलाकडे चालत गेले. मध्ये विजेचे छत्तीस खांब आहेत. तिचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा पुलापर्यंत सहा खांब उरले होते. तेही ओरडल्यावर, भर दुपारी, वारा नसताना. त्या संध्याकाळी गुऱ्हाळाचा धूर आमच्याकडून तिच्याकडे जात होता. म्हणजे वाराही उलटा. आणि ती तर बोललीच नव्हती.

आम्ही अजून सायकलनेच जातो, त्याच रस्त्याने. नियमात दोन बदल केले. एक, कुणी मागे राहिली तर सगळ्या थांबतात, माझी सही अडली असली तरी. दुसरा, आकडा जास्त आला तरी थांबायचं. नंदा आता कवायत म्हणून चेष्टा करत नाही. करते, पण आकडा मोठ्याने म्हणते.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. दोन वर्षं शोधलं, सापडलं नाही. पण एकच गोष्ट मला फार दिवस छळत होती, ती "हाजिर"ची. रोजचा शब्द त्याच दिवशी का गळावा? एकदा डबा खाताना मी शमीमला विचारलं, की मनात मोजताना तू हाजिर म्हटलंस का?

तिने भाकरीचा तुकडा हातातच धरला.

"न्हाई म्हनले," ती म्हणाली. "कसं म्हनू काकी? हाजिर नव्हते ना मी."