कारंज्यात, एकाच वाडग्यातून

पातूर मागे टाकून एसटी घाट चढली आणि दोन्ही बाजूंना तुरीची शेतं सुरू झाली. डिसेंबरातली सकाळ होती. सोयाबीन केव्हाच निघालं होतं, तूर मात्र शेंगांनी वाकली होती. माझ्या मांडीवरच्या पिशवीत पुण्याहून आणलेला माच्चाचा (जपानी हिरव्या चहाची बारीक पूड) डबा होता. तो पोचवायचा होता हारुएबाईंकडे, कारंजा लाडला.

हारुएबाईंनी मला पुण्यात जपानी शिकवलं. त्यांचे यजमान मूळचे कारंज्याचे. नोकरी संपल्यावर दोघं गावी येऊन राहिली आणि गेल्या उन्हाळ्यात यजमान अचानक वारले. तेव्हापासून क्योतोतला भाऊ हारुएबाईंना परत बोलावत होता. फोनवर त्या मला म्हणाल्या, इथल्या माणसांना एकदा माझ्या पद्धतीचा चहा देते, मग काय ते ठरवते. वाटेत मेडशीला उतरून त्यांच्या नणंदेला समक्ष आमंत्रण द्यायचं कामही त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. आपला भाऊ गेल्यापासून या नणंदबाई, शांताताई, वहिनीच्या घरी फिरकल्या नव्हत्या.

शांताताईंनी मला भाकर आणि सोल्यांची (तुरीच्या हिरव्या दाण्यांची) भाजी पोटभर वाढली. सोयाबीनला यंदा कसा उतारा पडला, तेही सांगितलं. मी आमंत्रण दिलं तेव्हा मात्र त्या चुलीतली लाकडं मागेपुढे करत राहिल्या. निघताना मी पुन्हा विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘पायते, जमलं तं येईन.’’

मालेगावहून पुढची गाडी मिळाली ती खचाखच भरलेली. कोणाची तरी पेटी माझ्या पिशवीवर आली. शेलूबाजारच्या पुढे गेल्यावर मला दिसलं की डब्याचं झाकण उडालंय आणि माझे सगळे कपडे हिरवे झालेत. डब्याच्या तळाशी थोडी पूड उरली होती.

कारंज्यात हारुएबाईंनी दारातच डबा उघडून पाहिला. मी रडकुंडीला आले होते. त्या म्हणाल्या की एक वाडगा होईल. जपानमध्ये मानाचा चहा एकाच वाडग्यातून सगळ्यांनी प्यायचा असतो. एकानं प्यायचं, कड पुसायची, पुढच्याला द्यायचं.

शेजारच्या रेहानाआपा तिथेच बसल्या होत्या. त्यांचं चौकात बांगड्यांचं दुकान आहे. हारुएबाईंची वऱ्हाडी त्यांच्याच तालमीत तयार झालेली. हे ऐकून त्यांनी सरळच सांगितलं, ‘‘मी पिईन. पण बाकीच्यायचं मले नाई सांगता येत. उष्टं आहे, अन् त्यातून माह्यं उष्टं.’’

हारुएबाई म्हणाल्या की दुसरी पद्धत त्यांना येत नाही असं नाही, वेगवेगळ्या कपांत साधा चहा देता येईल. पण त्यांनी बोलावलं होतं ते या चहाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात सतरंजी अंथरली. शेगडीवर पाणी ठेवलं. रेहानाआपांनी गूळ-शेंगदाण्याचे लाडू केले होते. गल्लीतल्या दोघी आल्या. आम्ही बसतो न बसतो तोच फाटक वाजलं. शांताताई आत आल्या, कोणाशी न बोलता सतरंजीवर रेहानाआपांच्या शेजारी बसल्या. तेवढीच जागा रिकामी होती.

हारुएबाईंनी नमस्कार केला आणि कामाला लागल्या. रेशमी रुमालाची घडी घातली, चमचा पुसला, वाडगा गरम पाण्यानं विसळला. सगळं सावकाश, एका लयीत. आधी बायका एकमेकींकडे बघून हसू दाबत होत्या. मग त्याही हारुएबाईंच्या हातांकडे बघू लागल्या. पाण्याचा आवाज येत होता, बाहेरून एक मोटारसायकल गेली. पूड घालताना हारुएबाईंची नजर शांताताईंकडे गेली. थोडी पूड सांडली. त्यांनी ती पुसली नाही, तशाच पुढे चहा घुसळत राहिल्या.

वाडगा पहिल्यांदा रेहानाआपांकडे गेला. त्या प्यायल्या, रुमालानं कड पुसली आणि वाडगा शांताताईंपुढे धरला.

शांताताईंनी तो लगेच घेतला नाही. त्या हारुएबाईंकडे पाहत होत्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी वाडगा घेतला, प्यायल्या, तोंड वाकडं केलं. कड पुसून त्यांनी तो पुढच्या बाईला दिला आणि हलकेच बोलल्या.

‘‘वयनी, दादा गेला तवा तुमी रडल्या नाई. लोकायले पाणी देत होत्या, सतरंज्या घालत होत्या. मले वाटलं, या बाईले काईच वाटून नाई राह्यलं.’’

हारुएबाईंनी मान खाली घातली. ‘‘मी रडली, ताई. दार लावून रडली.’’

‘‘काहून लावलं दार? आमी होतो ना.’’

हारुएबाईंनी हातातला रेशमी रुमाल बाजूला ठेवला. जपानी रीतीत यजमानीण पाहुण्यांसमोर रडत नाही, एवढं मला माहीत आहे. तरी हारुएबाई रडल्या. शांताताई उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. रेहानाआपांनी शेगडीवरचं पाणी उतरवलं.

त्या संध्याकाळी शांताताई मेडशीला गेल्या नाहीत. सकाळी क्योतोहून फोन आला तेव्हा दोघी भाजी आणायला निघाल्या होत्या. हारुएबाई जपानीत भावाला म्हणाल्या, मी इथेच राहणार आहे, आता बाजारात चाललेय, नंतर बोलू.

परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली. कारंज्याची जुनी जैन मंदिरं बघायची राहून गेली, याची थोडी चुटपुट होती. पुण्याहून निघताना मला वाटलं होतं, आपण एका परक्या देशाची रीत वऱ्हाडात दाखवायला चाललोय. पण अंगणातल्या त्या बायकांनी रीत पाहिलीच नसावी. एक बाई आपल्यासाठी इतक्या जपून काहीतरी करतेय, एवढंच त्यांनी पाहिलं. पुढच्या हिवाळ्यात हारुएबाईंनी मला पुन्हा बोलावलंय.