दुसरी प्रत

“दुसरी प्रत कुठे आहे?”

नमस्कार झाला की तिचा पहिला प्रश्न हाच. संगणक का बंद पडला, हे ती नंतर विचारायची.

डहाणूजवळच्या आमच्या चिकूच्या रोपवाटिकेत नोंदी ठेवण्याचं काम माझ्याकडे आहे. ती चारोटीहून स्कूटरवर यायची. आसपासच्या लहान ऑफिसांचे संगणक तीच दुरुस्त करायची. तुमच्याकडेही असं कोणी येत असेल, तर लोक काय विचारतात हे तुम्हाला ठाऊक असेल. आमचे मालक पहिल्या दिवशी म्हणाले, “मेकॅनिक कधी येणार?”

“आला,” ती म्हणाली आणि पंख्याचं बटण दाबून खुर्ची ओढून बसली.

लोकांचे बाकीचे प्रश्नही ठरलेले. किती वेळ लागेल? “उघडल्यावर सांगते.” फोनवर नाही होणार? “प्लग लागलाय का बघा. लागला असेल तर येते.” डेटा जाईल का? यावर मात्र ती उलटून आपला तो पहिलाच प्रश्न विचारायची.

मी अभिमानाने सांगायचो, “प्रत दर शनिवारी काढतो. डिस्क याच ड्रॉवरमध्ये.”

“काका, माझी आई दोघा भावांना एका होडीत पाठवत नाही. आणि तुम्ही एका टेबलात ठेवता?”

मी हसायचो. ड्रॉवरला कुलूप होतं, आणखी काय पाहिजे?

मग दसरा आला. आमच्याकडे कलमाच्या चाकूंपासून फवारणी पंपापर्यंत सगळ्याची पूजा होते. त्या वर्षी मी संगणकही पाटावर ठेवला आणि त्याच्यावर ती डिस्क, कारण तिलाही मान हवा. हळद, कुंकू, झेंडू, अक्षता वाहिल्या. नारळ मीच फोडला आणि त्याचं पाणी मोजून तीन वेळा शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं, तर जळका वास आला. डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली. काहीच नाही.

चिकूचं कलम दिसायला सगळं सारखंच. ते चांगल्या मूळ झाडावरून काढलंय की नाही, हे फळ धरेपर्यंत कळत नाही, आणि त्याला चार वर्षं जातात. आमच्या कलमांना पत्र्याचे बिल्ले असतात, पण त्यांवर फक्त क्रमांक. कुठला क्रमांक कुठल्या झाडाचा, ते संगणकात. तीन हजार चारशे अठरा कलमं, आणि उधवा गावचे शेतकरी पंधरा दिवसांनी न्यायला येणार होते. अंदाजाने कलम देणं म्हणजे माणसाची चार वर्षं अंदाजाने घालवणं.

तिला बोलावलं. तिने संगणकाचं झाकण उघडलं. आतून झेंडूच्या पाकळ्या निघाल्या, मग तांदूळ.

“याला जेवायला पण वाढलंत?”

मला हसू आलं नाही. मी विचारलं, “डेटा जाईल का?”

या वेळी तिने उलट प्रश्न केला नाही. संगणकाची डिस्क गेली होती. प्रतीची डिस्क तिने सोबत न्यायला रुमालात गुंडाळली. “बाहेरची सर्किटची पट्टी गंजलीय. आतलं कोरडं असेल तर मिळेल. वचन देत नाही.”

पुढच्या सहा दिवसांत मी तिला अकरा फोन केले. किती वेळ लागेल? आज येणार का? लोकांच्या ज्या प्रश्नांना मी हसायचो, ते सगळे मी विचारले. ती दर वेळी म्हणायची, “काका, जेवलात का?”

सातव्या दिवशी ती आली. तीन हजार तीनशे ब्याण्णव नोंदी मिळाल्या. मी दोनदा मोजल्या. शनिवारनंतरच्या सव्वीस तेवढ्या गेल्या. ती सव्वीस कलमं आम्ही कोणाला दिली नाहीत, कुंपणालगत लावली.

डिस्क आता सरावलीला माझ्या घरी, तांदळाच्या डब्याशेजारी असते. शनिवारी पिशवीतून येते आणि परत जाते. बायको म्हणते, “आली तुमची पाहुणी.”

स्कूटरवरून येणारी ती आता वापीला मोठ्या कंपनीत आहे. आमच्याकडे फोनवरून मदत मिळते. एक दाबा, दोन दाबा. दुसऱ्या प्रतीचं कोणी विचारत नाही.

यंदा कुंपणालगतच्या झाडांना फळ धरलं. मी तिला फोन केला.

“कुठल्या झाडाचं?”

“ते आता कळायचं नाही.”

“गोड आहे का?”

“खूप.”

“मग तेवढं लिहून ठेवा, काका,” ती म्हणाली. “दोन ठिकाणी.”