घंटा झाली का, अक्का?

फोन दुपारी आला. मी नुकती जेवून उठले होते. पलीकडून शैलजाच्या ऑफिसातला शिपाई मुनियप्पा कन्नडमध्ये म्हणाला, "अज्जी, मॅडम खुर्चीतच पडल्या. आस्पत्रीत आणलंय. तुम्ही त्यांच्या कोण?" मी म्हटलं, घरमालकीण. पलीकडे काहीतरी चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "इथे त्यांच्या कार्डावर तुमचा नंबर आहे, आणि नातं 'अक्का' असं लिहिलंय." मी ऑटो करून पोचले तोवर ती गेली होती. नर्सने एका कागदावर माझी सही घेतली आणि नात्याच्या रकान्यात तेच लिहिलं. जिच्याशी मी चौदा महिने धड बोलले नव्हते, तिची मी कागदोपत्री बहीण निघाले... तिने ते कधी लिहिलं, भांडणाआधी की नंतर, हे विचारायला आता कोणी नाही.

शैलजा माझ्या घरात वरच्या दोन खोल्यांत सोळा वर्षं भाड्याने राहिली. घर के. आर. पुरम स्टेशनच्या पलीकडे, जुन्या गल्लीत. ती निपाणीकडची. लग्न केलं नाही, आधी शाळेत शिकवलं, मग परीक्षा देऊन अधिकारी झाली. शेवटची सहा वर्षं आमच्या भागातल्या सगळ्या सरकारी शाळा तिच्या हाताखाली होत्या. इथे त्या हुद्द्याला बीईओ म्हणतात. आली तेव्हा मी तिला मॅडम म्हणायचे. वर्षभराने तिने भाकरी थापायला येत नाही म्हणून माझ्याकडून निम्म्या भाकऱ्या घ्यायला सुरुवात केली, तेव्हापासून ती शैलजा झाली. ती मात्र शेवटपर्यंत मला अक्का आणि तुम्हीच म्हणायची.

तिचं काम काय, हे मला कळायला वेळ लागला. मला वाटायचं, अधिकारी म्हणजे शाळा बघत फिरत असेल. ती कागद बघायची. वरून पत्र येतं ते खालच्या शाळांना पाठवायचं, शाळांची उत्तरं गोळा करायची आणि वर पाठवायची. उत्तर गेलं नाही की आठवण करून देणारं पत्र येतं, त्याला कन्नडमध्ये नेनपोले म्हणतात. पूर्वी हे सगळं टपालाने यायचं, त्याला चार दिवस लागायचे आणि त्या चार दिवसांत माणूस जेवायचा तरी. मग फोनवर यायला लागलं. सकाळी सातला फोन वाजायचा आणि त्यात लिहिलेलं असायचं, आज चारच्या आत. किती मुलांनी अंडं खाल्लं आणि किती मुलांनी केळं. किती संडासांना आतून कडी आहे. कोणत्या मुलाने जंताची गोळी घेतली नाही, आणि का. झाड लावायच्या दिवसाचे फोटो, हात धुवायच्या दिवसाचे फोटो, फोटो न पाठवणाऱ्या शाळांची यादी. एकदा पत्र आलं की शिक्षकांना कागदाच्या कामात फार गुंतवू नये, आणि याबाबत काय केलं त्याचा अहवाल तीन प्रतींत पाठवावा. ते तिने वाचून दाखवलं तेव्हा आम्ही दोघी जिन्यावर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. दुसऱ्या दिवशी तिने तो अहवाल तीन प्रतींत पाठवला.

नेनपोल्यांचं तिचं गणित ठरलेलं होतं. "पहिलीला कोण भीत नाही, अक्का," ती सांगायची. "दुसरीला कारकून उठतो. तिसरीवर माझं नाव असतंय. तिसरी आली की मी उठायचं." मी विचारलं, आणि तू वर काही विचारलंस, त्यांनी उत्तर दिलं नाही, तर त्यांना नेनपोले कोण पाठवतं? ती म्हणाली, "खालनं वर जात नसतंय ते. पाणी चढतंय काय कुठं?"

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी सरकारी प्राथमिक शाळेच्या भिंतीला लागून आहे. माझ्या चार इयत्ता त्याच शाळेत झाल्या, कन्नडमध्ये. मराठी लिहायला वडिलांनी घरी शिकवलं. शाळेच्या आवारात करंजाच्या झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला आहे, तीच घंटा. साडेनऊला ती वाजली की शैलजा बसला निघायची. पण वर तिच्या कानाला फोन, शेगडीवर कुकर, खाली रस्त्यावर बसचे हॉर्न, तिला घंटा कधी ऐकू यायची नाही. ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन ओरडायची, "अक्का, घंटा झाली का?" मी खिडकीतून म्हणायचे, "झाली ग." मग ती पदर खोचून, पिशवी खांद्याला लावून पळायची. सोळा वर्षांतले शाळेचे सगळे दिवस असेच गेले. हातात घड्याळ होतं, फोनवर वेळ दिसत होती. तरी विचारायची.

दोन वर्षांपूर्वी वरून एक पत्र आलं. ज्या शाळांत दहापेक्षा कमी मुलं आहेत त्यांची यादी द्या. अशी शाळा जवळच्या मोठ्या शाळेत घालणार होते. "बंद म्हणायचं नाही, अक्का," शैलजा म्हणाली, "विलीन म्हणायचं." आमच्या शाळेत तेव्हा सात होती. इथली चांगल्या घरची मुलं केव्हाच इंग्रजी शाळांत गेली. आमच्या शाळेत यायची ती इमारतीच्या कामावर आलेल्या माणसांची, यादगीर-रायचूरकडची. एक इमारत पुरी झाली की पत्र्याच्या खोल्या उठतात आणि माणसं दुसरीकडे जातात. त्या महिन्यात बरीचशी देवनहळ्ळीकडे गेली, तिकडे शेतांचे ले-आउट पडताहेत. पण पाण्याच्या टाकीमागे नवं काम सुरू व्हायचं होतं. शैलजाला ते माहीत होतं. जी बाई बाकी सगळ्याला चारच्या आत उत्तर द्यायची, ती या पत्रावर बसून राहिली. पहिली नेनपोले आली. दुसरी आली. ती म्हणाली, "बघू किती दिवस धरता येतंय ते."

मग मीही चपला घातल्या. टाकीमागे पत्रे उभे राहिले तशी रोज संध्याकाळी तिकडे जायला लागले. या वयात चिखलातून फिरून बायकांना सांगायचे, शाळा तुमच्या दाराशी आहे, जेवण मिळतं, पाठवा. एक बाई म्हणाली, "अज्जी, तुम्ही टीचर?" मी म्हटलं, मी चौथी. तिला हसू आलं आणि तिने मुलगी द्यायची कबूल केली, रेणुका नावाची. अशी चार मुलं जमली. रविवारी सुट्टी असते, मुलांचे केस कापून, आंघोळी घालून सोमवारी आणतो, असं ठरलं. शुक्रवारी साडेनऊला शैलजा जिन्यावर आली तेव्हा मी घंटेच्या आधी तेच सांगितलं. सात आणि चार अकरा. ती एवढी हसली की तिचा चष्मा घसरला. "सोमवारपर्यंत धरते, अक्का. सरी?" मी म्हटलं, सरी, चालेल.

शनिवारी तिसरी नेनपोले आली, तिच्या नावाने, चारच्या आत. तिने सात लिहून पाठवलं.

सोमवारी अकरा मुलं आली. टीचरने माझ्या खिडकीत येऊन हौसेने सांगितलं. संध्याकाळी मी ती बातमी शैलजाला द्यायला जिन्याशी उभी राहिले, तर तिचं तोंड बघूनच मला कळलं. ती म्हणाली, "नावानं आलं, अक्का. फोनवर चौकटीत आकडा घातल्याशिवाय पुढं जाईना."

"मग अकरा घालायचे."

"शनिवारी सातच होती. खोटं कसं घालू?"

मी म्हटलं, "ज्या शाळांत नळाला पाणी नाही, तिथे 'नळ आहे' असं घातलंस, ते मला तूच सांगितलंस. हात धुवायच्या दिवशी बादलीने पाणी आणून फोटो काढले, तेही. तेव्हा खोटं कसं जमलं? या एका शाळेलाच तुला खरं बोलायचं सुचलं?"

तिने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मीच म्हटलं, "जा मॅडम, वर जा. फोन वाजत असेल तुमचा." त्या दिवसापासून ती पुन्हा मॅडम झाली आणि मी तिला तुम्ही म्हणायला लागले. तिला ते चाबकासारखं लागायचं, हे मला दिसत होतं. लागावं म्हणूनच म्हणत होते.

महिन्याभरात शाळेला कुलूप लागलं. मुलांना रिंग रोडच्या पलीकडच्या शाळेत घातलं. तो रस्ता मोठी माणसंही पळत ओलांडतात. टाकीमागची चारही मुलं आठवडाभर गेली, मग घरीच बसली. रेणुका कामावर धाकट्या भावाला कडेवर घेऊन वाळूच्या ढिगावर बसलेली असते. अजून मला बघून हात करते. कुलूप लागल्याच्या दुसऱ्या दिवशी साडेनऊला शैलजा सवयीने तिसऱ्या पायरीवर आली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अक्का, घंटा झाली का?"

मी खिडकीतून म्हटलं, "कोण वाजवणार?"

त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. पण यायची. चौदा महिने, रोज साडेनऊला, त्याच पायरीवर. खिडकीतून मला तिचे पाय दिसायचे, तपकिरी चपला. मिनिटभर उभी राहायची, मग जायची. मी भांडी घासत राहायचे. निम्म्या भाकऱ्या तिने मागितल्या नाहीत आणि मी दिल्या नाहीत. मध्ये एकदा तिने पायरीवरून, माझ्याकडे न बघता सांगितलं, "अक्का, मी परत लिहिलंय शाळेबद्दल." मी म्हटलं, "लिहा. दुसरं काय येतं तुम्हाला."

तिच्या भावाने निपाणीहून येऊन सगळं उरकलं. दोन पिशव्यांत तिचा संसार मावला. तीन आठवड्यांनी मुनियप्पा ऑफिसचा टॅब न्यायला आला. मी त्याला कॉफी दिली. तो म्हणाला, "अज्जी, तुमच्या मागची ती शाळा. मॅडमनी वर पत्र घातलं होतं. सोमवारी अकरा मुलं होती, आकडा बदलून घ्या, म्हणून. उत्तर नाही. मग नेनपोले घातली."

"वर?"

"वर. एक, दोन, तीन. तिसरीवर वरच्या साहेबांचं नाव घातलं. ऑफिसात सगळे हसत होते. असं कोणी करतं का? मग वरून त्यांनाच नोटीस आली, वरिष्ठांना अशी भाषा का वापरली, खुलासा द्या. तो खुलासाच लिहीत बसल्या होत्या त्या दिवशी."

मी विचारलं, शाळेचं काय उत्तर आलं? तो म्हणाला, "ते नाही आलं." कॉफी पिऊन तो गेला.

मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. ती चांगली होती, पण मी ते म्हणायला बसले नाही. शनिवारी तिने सात लिहिलं, ते चूकच होतं आणि आजही चूक आहे. तिला दोन दिवस धरता आलं असतं. ज्यांनी ती चौकट बनवली त्यांना रेणुका कधी दिसणार नाही, आणि त्यांना कोणी नावाने पत्र घालत नाही... जिने घातलं तिला खुलासा मागितला. आणि ती हे सगळं करत असताना रोज माझ्या जिन्यावर मिनिटभर उभी होती. मी एवढंच म्हणायला हवं होतं, झाली ग. घंटा नव्हती, खोटंच बोलावं लागलं असतं. तिला खोटं बोलायला सांगताना माझी जीभ चालली. स्वतः बोलायची वेळ आली तेव्हा चालली नाही.

वर आता पुण्याची एक मुलगी राहते, कोरमंगलाला कंपनीत जाते. चांगली आहे, पायात बूट घालते, धडधडत उतरते. परवा साडेनऊला मी तवा घासत होते, जिन्यावर पाऊल वाजलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "झाली ग." चांगलं मोठ्याने. ती थांबली, खिडकीत वाकून म्हणाली, "काय झालं, आजी?"

मी म्हटलं, "काही नाही. तू जा, तुला उशीर होईल."