कांग रासदिमच्या गिटारीचा आवाज

आमच्या किनाऱ्यावर लग्न असो, सुंता असो की होड्यांची पूजा, मांडवात तारलिंग नसेल तर ते कार्य झालं असं कोणी मानत नाही. गिटार, बासरी, ढोल आणि गाणारी बाई, एवढं त्यात मुख्य. गाणारी बाई मी. पुत्रा मुआरा मंडळात सव्वीस वर्षं गातेय. पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या डाव्या हाताला खुर्ची टाकून बसणाऱ्या कांग रासदिमची, म्हणजे रासदिमदादाची आहे. मी त्याच्याबद्दल बोलायला लागले की लोक म्हणतात, यायू तासिना फार फुगवून सांगते. सांगते तर सांगते. ज्यांनी त्याला ऐकलंय ते मला अडवत नाहीत.

रासदिम लोसारांगचा. उन्हाळाभर मिठागरात राबतो. पावसाळ्यात मीठ पिकत नाही, तेव्हा लोकांच्या होड्यांची इंजिनं उघडून बसतो. अंगाने काटकुळा, बोलायला कमी, आणि बोललाच तर दुसऱ्याला वाटावं की हा आपली चेष्टा करतोय. गिटार मात्र दोन पिढ्यांची. त्याचा बाप जुन्या तारलिंगवाल्यांपैकी. तेव्हा गावात गामेलानची, म्हणजे पितळी घंटा-पट्ट्यांच्या ताफ्याची, वाद्यं परवडायची नाहीत, म्हणून लोक गामेलानच्या चाली गिटारीवर वाजवायचे. बापाने पोराला आधी गिटार दिलीच नाही. शेजारच्या गावात वर्षभर पितळी पट्ट्या बडवायला पाठवलं. त्या वाद्याची रीत अशी की उजव्या हाताने पट्टीवर हातोडी मारायची आणि पुढची पट्टी वाजताक्षणी आधीची डाव्या हाताच्या चिमटीत धरून गप्प करायची. नाही केली तर सगळे सूर एकमेकांत मिसळून नुसता कालवा होतो. रासदिमने वर्षभर तेवढंच केलं, मग त्याच्या हातात तारा आल्या.

त्याच्या गिटारीचा आवाज कसा, ते मला नीट सांगता येत नाही. जाड म्हणावा तर बोजड नाही. मऊ म्हणावा तर मांडवाच्या पार टोकाला बसलेल्या म्हाताऱ्यालाही शब्द ऐकू यावेत तसा सुटा ऐकू येतो. या आवाजाचं गुपित काय, यावर चहाच्या टपऱ्यांवर तास तास वाद झालेत. कोणी म्हणायचं, मिठाच्या पाण्याने बोटं टणक झालीत त्याची करामत आहे. कोणी म्हणायचं, तारा तो महिनामहिना बदलत नाही. एकाने तर शपथेवर सांगितलं होतं की रासदिम विद्या मिळावी म्हणून कुठल्याशा थडग्यावर तीन दिवस उपाशी बसला होता. हे ऐकून रासदिम म्हणाला होता, "उपाशी बसलो होतो खरा. बायको माहेरी गेली होती."

मला विचाराल तर माझी खात्री होती की सगळं त्याच्या पेटीत आहे. पूर्वी मैदानात पडदा लावून सिनेमे दाखवायचे, त्या धंद्यातला एक जुना ॲम्प्लिफायर रासदिमने भंगारातून आणून उभा केला होता. लाकडाची पेटी, आत काचेचे दिवे, चालू केली की तापलेल्या धुळीचा वास यायचा. माझी जीभ लांब आहे हे मला मान्य आहे. एकदा कांदाँगहाउरच्या बाजारात दुसऱ्या एका मंडळाचा माणूस भेटला. त्याने आमच्या गिटारीचं कौतुक केलं आणि मी चेकाळले. म्हटलं, "त्या पेटीतून कोणीही वाजवलं तरी असाच आवाज येईल."

महिन्याभरात त्या मंडळाचा मालक आमच्या मंडळाचे मालक हाजी कासनादी यांच्याकडे आला आणि पेटीच्या बदल्यात दोन नवे कोरे मोठे कर्णे देऊन गेला. पेटी रासदिमने बांधलेली, पण सामान सगळं मंडळाचं, अशी हाजींची समजूत. रासदिम तालमीला आला तेव्हा पेटीच्या जागी धुळीचा चौकोन उरला होता. त्याने चौकोनाकडे पाहिलं आणि खाली बसून चहा मागितला. मला तोंड दाखवायची लाज वाटली. मी सगळं कबूल केलं, तर म्हणतो कसा, "बरं झालं. उचलून उचलून पाठ गेली होती."

पण प्रकरण तिथे थांबलं नाही. पेटी गेली म्हणजे रासदिमचा आवाजही गेला, असा सरळ हिशोब हाजींनी केला आणि चिरेबोन शहरातून एक नवा पोरगा आणला. रेनाल्दी त्याचं नाव, वय चोवीस. पायाशी ठेवायची एक फळी होती त्याच्याकडे, तिच्यावर गिटारीचा आवाज बदलणाऱ्या डझनभर डब्या आणि तितकेच लुकलुकते दिवे. हाजींनी ठरवलं की कारांगसोंगला होडीमालकाच्या मुलीचं लग्न आहे, तिथे जेवणाआधी रेनाल्दी वाजवेल, जेवणानंतर रासदिम. जो बरा वाटेल त्याची खुर्ची. ज्या खुर्चीवर आधी बाप बसला आणि मग सव्वीस वर्षं मुलगा, तिची अशी परीक्षा. मी हाजींशी भांडले. ते म्हणाले, "यायू, पेटीत सगळं आहे हे तुम्हीच सांगत होतात ना?"

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊला सुरुवात झाली. रेनाल्दी वाईट नव्हता, उगाच खोटं का बोलू. बोटं वीज होती त्याची. आवाज स्वच्छ, चकचकीत, मांडवभर पसरणारा. पोरंटोरं पुढे येऊन नाचायला लागली आणि हाजी मान डोलवत होते. मी मात्र दुसऱ्याच गाण्यात अडखळले. वरच्या जागेवर गेले तर आवाज खरवडल्यासारखा आला. पुन्हा गेले, पुन्हा तेच. शब्द घोगरे, शेवट थकलेले. मी माइकवाल्याकडे डोळे वटारले. त्याने हात वर केले, त्याने कशालाच हात लावला नव्हता.

गाणं संपल्यावर मांडवामागच्या चुलीवरून बी वार्निती पदराला हात पुसत आली. आमच्याकडे कार्याचा स्वयंपाक शेजारच्या बायका मिळून करतात आणि त्या दिवशी बदकाच्या रश्शाची सूत्रं तिच्या हातात होती. तिने माझ्या हातात गरम आल्याचं पाणी दिलं. "थंडी बाधली का गं? आज तुझं वय झाल्यासारखं वाटतंय." त्यात भर म्हणून रेनाल्दी अदबीने म्हणाला, "बी, थोडं बसून घ्या." सगळा किनारा मला यायू म्हणतो, ताई. या कालच्या पोराने मला मावशी करून टाकलं. मी पाण्याच्या पेल्यात तोंड घातलं, कारण ते उघडलं असतं तर लग्नात भांडण झालं असतं.

जेवणं उरकली. रासदिम आपली गिटार घेऊन आला. पेटी तर नव्हतीच, म्हणून त्याने रेनाल्दीला विचारलं, तुझंच सामान वापरू का. पोरगा भला, लगेच हो म्हणाला. रासदिमने अंगठ्याने एकेक डबी बंद करायला सुरुवात केली. दिवे विझत गेले तसं पुढच्या रांगेत कोणी तरी खिदळलं. शेवटी एकही दिवा उरला नाही. मग तो मला म्हणाला, "दोन ओळी गा. नुसत्या."

मी गायला लागले आणि हा उठून चालू पडला. हे त्याचं नेहमीचंच. प्रत्येक कार्यात वाजवण्याआधी तो स्वयंपाकाच्या जागेपर्यंत जाऊन येतो, आणि आम्ही सगळे समजायचो की तो बदकाचा तुकडा मारायला जातो. त्या दिवशी मी गाताना त्याच्यावर नजर ठेवली. तो भाताच्या वाफेत मान वाकडी करून उभा होता. तुकडा त्याने घेतला नाही. त्याने बी वार्नितीला काही तरी विचारलं, तिने कानाकडे बोट दाखवून शब्द नीट येत नाहीत अशी मान हलवली, मग तो परत आला, दोन बटणं फिरवली, त्यातलं एक आणखी थोडं फिरवलं आणि खुर्चीवर बसला.

पहिला सूर आला. तोच आवाज. पेटी दुसऱ्याच गावात पडलेली, सामान परक्याचं, आणि आवाज तोच. मी गाणं उचललं. वरच्या जागेवर जाताना मनात भीती होती, पण गेले आणि पोचले. कुठे खरवड नाही, कुठे थकवा नाही. मागे चुलीवरच्या बायका पळ्या हातात घेऊन मांडवाच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. नाचणारी पोरं थांबून ऐकायला लागली. मला वाटलं, आल्याचं पाणी लागू पडलं.

रेनाल्दी खुर्चीच्या बाजूला उकिडवा बसून रासदिमच्या हातांकडे टक लावून बघत होता. गाणं संपलं तसा तो माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता, पण डोळे चमकत होते. म्हणाला, "ते सूर मोकळा सोडतच नाहीत. तुमचा शब्द येतो तिथे आधी तार धरतात. आणि वरचा सगळा चकाकणारा भाग त्यांनी काढून टाकलाय. बी, तुमचा आवाज आता खाली उतरलाय ना. मी वर वाजवत होतो म्हणून तो उघडा पडला. ते तुमच्याही खाली जाऊन बसलेत."

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी तशीच रासदिमपुढे जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "कधीपासून?"

तो तार पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "हाजींच्या धाकट्याची सुंता झाली तेव्हापासून. दर वर्षी थोडं थोडं."

म्हणजे नऊ वर्षं. नऊ वर्षं माझा आवाज उतरत होता आणि हा माणूस चुलींपाशी उभा राहून तो ऐकत होता, परत येऊन आपला आवाज तेवढाच खाली घेत होता. लोक त्याच्या गिटारीचं गुपित शोधत होते आणि मी मिरवत होते की माझ्या गळ्याला वय लागत नाही.

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू गळ्याकडे लक्ष देत बसली असतीस," तो म्हणाला. "गाण्याकडे कोणी बघायचं?"

मला रडू आलं, आणि राग आला, आणि त्या दोन्हींच्या वर असा अभिमान वाटला की छातीत मावेना. निवेदक पुढच्या गाण्यासाठी माझं नाव घेत होता. सदाबहार आवाज, वगैरे, रोजचं पाठ केलेलं. मी त्याच्या हातातून माइक काढून घेतला.

"मी तासिना," मी म्हटलं. "वय अठ्ठेचाळीस. माझा आवाज नऊ वर्षांपूर्वीच उतरला. तुम्हाला कळलं नाही, मलाही कळलं नाही, कारण हा कांग रासदिम बसलाय ना, त्याने कळू दिलं नाही. त्याच्या पेटीत काही नव्हतं. मीच सगळीकडे तसं सांगत फिरले, ते खोटं होतं. हा माणूस ऐकतो, बस."

रासदिमचे कान लाल झाले होते आणि त्याला कुठे बघावं कळत नव्हतं. मग बी वार्नितीने मागून पळी पातेल्यावर आपटली, दुसऱ्या बाईने आपटली, आणि बघता बघता सगळ्या चुलींवरून तो आवाज उठला. रेनाल्दीने आपली गिटार पिशवीत घातली आणि रासदिमच्या पायाशी जमिनीवर जाऊन बसला.

आम्ही संध्याकाळपर्यंत गात होतो. हाजी कासनादी निकाल सांगायला म्हणून मुद्दाम नवी टोपी घालून आले होते. तो निकाल त्यांनी काही सांगितला नाही, आणि कोणी विचारलाही नाही.